कडेचा टाका

मुलांना क्रोशा शिकवायचा तर पहिल्या दिवशी सुई हातात देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. सुई दिली की मूल सुईकडेच बघत बसतं, लोकरीकडे बघत नाही. आकडा कुठल्या बाजूला वळलाय, तो अडकतोय का, बोटाला लागेल का, यातच दुपार जाते. त्यापेक्षा जाड लोकर घ्यावी, तिचा सरकफास करून द्यावा आणि त्या फासातून पुढची लोकर दोन बोटांनी ओढून काढायला सांगावं. ओढली की एक कडी. त्या कडीतून पुन्हा ओढली की दुसरी. पाच-सहा वर्षांचं पोरही थोड्या वेळात वीतभर साखळी करतं आणि मग थांबायचं नाव घेत नाही. आमच्या बेळगावच्या शहापुरातल्या घरात सुट्टीच्या दिवसांत जिन्याच्या कठड्यापासून मागच्या दारापर्यंत अशा साखळ्या लोंबत असतात. कुणी त्याचा पट्टा करतं, कुणी राखी करतं, कुणी नुसतीच लांबवत नेतं. मी कुणालाच अडवत नाही. बोटांना एकदा कळलं की कडीतून कडी निघते, की निम्मं काम झालं. सुई मग दुसऱ्या दिवशी.

सुई ॲल्युमिनियमची, चार किंवा पाच मिलिमीटरची. पूर्वी घराघरात असायच्या त्या बारीक स्टीलच्या सुया मुलांना देऊ नयेत. त्या बारीक सुती दोऱ्यासाठी, आणि तो दोरा मोठ्यांचेही डोळे शिणवतो. लोकर फिक्या रंगाची घ्यावी. मुलं काळी, गडद निळी मागतात, चमकीची मागतात, ती केसाळ मऊ लोकर तर फारच आवडते त्यांना. नाही म्हणायचं. गडद रंगात टाका दिसत नाही आणि केसाळ लोकरीत तर तो बोटांनाही सापडत नाही. गणपत गल्लीत नाहीतर खडे बाजारात पिवळी, आकाशी, पोपटी साधी लोकर मिळते, ती बरी. सुई कुणी पेन्सिलीसारखी धरतं, कुणी भाजी चिरायच्या सुरीसारखी. दोन्ही चालतं. त्यावरून मुलांना टोकायचं काहीच कारण नाही.

डावखुऱ्या मुलाला शेजारी बसवू नये, समोर बसवावं. मग तुमचा उजवा हात त्याला आरशातल्यासारखा डावीकडे दिसतो आणि तो बघून बघून करतो. ही एवढी साधी गोष्ट माहीत नसल्यामुळे कितीतरी डावखुरी मुलं ‘याला जमतच नाही’ म्हणून बाजूला पडतात. माझा मुलगा डावखुरा आहे, म्हणून मला हे लवकर कळलं.

एवढं झालं की साधा चौकोन. सोळा साखळ्या घालायच्या, सुईपासून दुसऱ्या साखळीत सुई घालून पंधरा मुके खांब, म्हणजे साध्या खांबापेक्षा बुटके टाके. ओळ संपली की एक साखळी, काम उलटायचं, पुन्हा पंधरा. असं चालू ठेवलं की चौकोन व्हायला हवा. तो होत नाही. पहिल्यांदा करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचा त्रिकोण होतो. खाली रुंद, वर निमुळता.

याच त्रिकोणाबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचंय.

शेजारची एक मुलगी आहे, चौथीत शिकते. तिचा त्रिकोण झाला आणि ती तो घेऊन माझ्यापुढे उभी राहिली. “काकू, ह्ये बारीक व्हायलंय की वरवर.”

मी म्हटलं, “मोज बघू.”

“मी मोजलो की. बरोबर आहे सगळं.”

“सगळ्यात वरची ओळ मोज. मग तिच्या खालची.”

ती खाली बसली. बोटाच्या नखाने एकेक टाका मागे सारत मोजू लागली. वरच्या ओळीत नऊ भरले. तिच्या खाली दहा. त्याच्या खाली अकरा. तिथं तिनं मान वर केली, माझ्याकडे नाही, भिंतीकडे बघितलं. पुन्हा मान खाली. बारा, तेरा, चौदा. “प्रत्येक ओळीत एक जायलाय कुठंतरी.”

“कुठं जातोय?”

हा प्रश्न विचारून मी उठून स्वयंपाकघरात गेले. मुद्दामच गेले. तिथं बसून राहिले असते तर माझं बोट आपोआप त्या कडेवर गेलं असतं, आणि मग ते तिनं शोधलेलं राहिलं नसतं. परत आले तेव्हा तिनं विणीची कड दोन्ही अंगठ्यांनी ताणून धरली होती. ओळीच्या अगदी शेवटचा टाका असतो ना, तो काम उलटल्यावर आडवा पडतो, वळणाच्या साखळीच्या सावलीत जातो. बघणाऱ्याला वाटतं, संपली ओळ. तिनं तो नखाने उचकटून काढला होता. “ह्यो बघा, दडून बसलाय!”

मी तिला दोन सेफ्टी पिना दिल्या. एक ओळीच्या पहिल्या टाक्यात लावायची, एक शेवटच्या, आणि ओळीगणिक वर सरकवत न्यायची. पण त्या पिना शोध लागल्यावर दिल्या. आधी दिल्या असत्या तर तिचा चौकोन पहिल्या फटक्यात सरळ आला असता आणि तिला क्रोशाबद्दल काहीही कळलं नसतं. तिनं मग खालच्या ओळीपर्यंत सगळं उसवलं. लोकर सरसर सुटून आली, जरा कुरळी झालेली, तिचा पुन्हा गुंडा केला आणि नव्यानं सुरुवात. क्रोशात हे फार मोठं सुख आहे. कागद चुकीचा कापला तर गेला, मातीचं भांडं भाजल्यावर तडकलं तर गेलं, पण इथं एकच कडी सुईवर असते. ती सोडायची आणि ओढायचं. काहीच वाया जात नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की मुलाला आपला टाका वाचता आला पाहिजे. हा साखळीचा, हा मुक्या खांबाचा, हा खांबाचा, इथं मी दोन एकात घातले, इथं एक सुटला. हे ज्याला आपल्या डोळ्यांनी दिसतं त्याला मग शिकवणाऱ्याची गरज उरत नाही. रुमाल पूर्ण होतो की नाही, टोपी डोक्याला बसते की नाही, ही नंतरची गोष्ट. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या मुलांच्या हातातलं काम मी माझ्या हातात घेत नाही. एक टाकाही घालून देत नाही. मी माझी वेगळी सुई-लोकर घेऊन बसते आणि माझ्या लोकरीवर दाखवते. आया कधी कधी नाराज होतात. “अहो, एवढं टोक तेवढं पुरं करून द्या की, शाळेत दाखवायचं आहे.” मी देत नाही. अर्धवट असेल तर अर्धवट न्यावं.

आमच्या आई-मावश्यांच्या वेळी क्रोशा शिकायचा तो रुखवतासाठी. बेळगावात काय, खानापुरात काय, निपाणीत काय, लग्नाच्या मांडवात एका बाजूला टेबलं मांडलेली असायची आणि त्यावर मुलीच्या हातचं सगळं: ताटावरचे रुमाल, दाराची तोरणं, उशीच्या अभ्र्यांच्या कडा, टीव्हीवरचं झाकण, मण्यांचा मोर, लोकरीचा कुत्रा. त्या बारीक दोऱ्याच्या कामात जी नजाकत होती ती आज क्वचित दिसते. माझ्या मावशीनं केलेलं एक अननसाच्या नमुन्याचं ताटावरचं झाकण माझ्याकडे आहे. त्यातला एकही खांब कमी-जास्त उंचीचा नाही. पण ती कला ‘मुलगी कामाची आहे’ हे दाखवण्यासाठी वापरली जायची, आणि लग्न झालं की सुई ट्रंकेत. मावशीनं त्यानंतर काही विणलेलं मी पाहिलं नाही. मला याचा राग येतो. इतकी हातोटी असलेल्या बाईला स्वतःच्या आनंदासाठी दोरा हातात घ्यायची मुभा घरात नव्हती.

आणि मुलग्यांना तर कुणी शिकवलंच नाही. ही गोष्ट आमच्या गावात तरी चालायला नको होती. शहापूर, वडगाव, खासबाग हा सगळा पट्टा विणकरांचा. पिढ्यान्पिढ्या इथले बाप्ये मागावर बसले, साड्या विणल्या, सुताची पारख केली, तुटलेला धागा डोळे मिटून जोडला. सूत पुरुषाच्या हातात शोभत नाही असं वडगावच्या कुठल्याही गल्लीत जाऊन म्हणून बघा. मग क्रोशाच तेवढा पोरींचा कसा? माझ्याकडे मुलगे येतात. सुरुवातीला दारातच घुटमळतात, एकदा साखळी जमली की मुलींपेक्षा जास्त बडबड करत विणतात. त्यांच्यात स्पर्धा लागते, लांबीची. ती मी चालू देते, कारण लांबीच्या स्पर्धेत हात सैल होतो, आणि मुलांचा मुख्य दोष हाच की ती टाका करकचून आवळतात.

विणकरांचा विषय निघालाच आहे तर एक नाजूक गोष्ट सांगायला हवी. मागाच्या घरात मुलांच्या हातांना काम नेहमीच होतं. कांड्या भरायचं, म्हणजे मागासाठी कांड्यांवर सूत गुंडाळायचं काम बायका आणि मुलं करत आली. निपाणीकडे विड्या वळणाऱ्या आयांच्या शेजारी बसून मुलांनीही सूप मांडीवर घेतलं. ‘मुलांना हातानं काहीतरी करू द्या’ हे वाक्य आपण आज सहज म्हणतो. या जिल्ह्यातल्या अनेक घरांत मुलांनी हातानं खूप केलंय आणि ते हौसेचं नव्हतं. म्हणून माझा दुसरा नियम: मुलांनी केलेली वस्तू विकायची नाही. दिवाळीच्या तोंडावर कुणीतरी सुचवतंच, स्टॉल लावू, पणत्यांखालची चटई चांगली खपेल. चांगली खपेल हे मला माहीत आहे. पण ऑर्डर आली की गिनती आली, गिनती आली की घाई आली, आणि मग उसवायला कुणी तयार होत नाही.

हे म्हणताना मला गांधीजींशी वाद घालावा लागतो, आणि तोही बेळगावात राहून. काँग्रेसच्या ज्या एकाच अधिवेशनाचं अध्यक्षपद त्यांनी घेतलं ते इथलं, डिसेंबर १९२४चं. टिळकवाडीतली काँग्रेस विहीर त्याच वेळची. त्या अधिवेशनात ठरलं की काँग्रेसचं सभासद व्हायचं तर वर्षाला २४,००० यार्ड एकसारखं सूत द्यायचं, म्हणजे महिन्याला २,०००. पुढच्याच वर्षी ती अट सैल झाली आणि चार आण्यांची वर्गणी परत आली. पण राजकारणाच्या दारात सूत मागणारा दुसरा पक्ष मला माहीत नाही. बेळगावजवळच्या हुदलीत गंगाधरराव देशपांड्यांनी खादीचं काम उभं केलं ते याच विचारातून. पुढे ऑक्टोबर १९३७मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी मांडलं की मुलाचं सगळं शिक्षण एखाद्या हस्तोद्योगाभोवती गुंफावं. गणित, भूगोल, इतिहास त्यातूनच यावं. हे मला शंभर टक्के पटतं. मी रोज ते डोळ्यांनी बघते. पण त्याच योजनेत असंही होतं की मुलांच्या उद्योगातून शाळेचा खर्च निघावा. तिथं मी थांबते. त्या काळी पैशाशिवाय खेड्यात शाळा कशी चालवायची हा प्रश्न खरा होता, हे मान्य. तरी मुलाच्या टाक्याची किंमत ठरली की ते टाक्याकडे बघायचं सोडून किमतीकडे बघायला लागतं. कांड्या भरलेल्या लोकांना हे वेगळं सांगावं लागत नाही.

मुलांना मी एक गोष्ट मात्र आवर्जून सांगते. खरा क्रोशा यंत्रावर होत नाही. विणलेलं स्वेटर यंत्रावर होतं, जाळीची लेस होते, क्रोशासारखी दिसणारी जाळीही होते. पण प्रत्येक टाका आकड्यानं ओढून पूर्ण करायचा हा प्रकार अजून हातानंच करावा लागतो. म्हणजे दुकानात क्रोशाची टोपी दीडशे रुपयांना दिसली तर ती कुणीतरी कुठंतरी बसून हातानं केलेली आहे. हे ऐकून मुलं एकदम गप्प होतात आणि मग हिशोब करायला लागतात: आपल्याला अशी टोपी करायला किती दुपारी लागल्या, ती टोपी करणाऱ्या बाईला दिवसाला किती मिळाले असतील. हा हिशोब मी फळ्यावर शिकवू शकले नसते.

गणिताचं म्हणाल तर गोलासारखं दुसरं काही नाही. चार साखळ्यांचा लहान गोल जोडायचा, त्यात सहा मुके खांब. पुढच्या फेरीत प्रत्येकात दोन, झाले बारा. मग एकाआड एक वाढवायचा, अठरा. मग दोन सोडून एक, चोवीस. फेरीला सहाच वाढवत गेलं की गोल सपाट राहतो. वाढवायचं विसरलं की कडा वर उचलतात आणि वाटी होते. ती वाटी पालथी घातली की बाहुलीची टोपी. आणि एका पोरीनं हट्टानं प्रत्येक टाक्यात दोन-दोन घालणं चालूच ठेवलं तेव्हा कडेला झालर सुटली, ती दुमडत दुमडत कोबीच्या गड्ड्याएवढी झाली. मुलं हसली. मी त्यांना सांगितलं, हसू नका, डायना ताइमिना नावाच्या गणिताच्या बाईंनी १९९७मध्ये अमेरिकेत नेमका असाच पृष्ठभाग क्रोशानं करून आपल्या विद्यार्थ्यांच्या हातात दिला. अशा झालरीसारख्या पृष्ठभागाच्या भूमितीला हायपरबोलिक भूमिती म्हणतात. तोवर ती समजवायला कागदाचे नाजूक नमुने वापरायचे, ते फाटायचे. हा लोकरीचा घडी घालता येतो, त्यावर रेघ शिवून दाखवता येते. एका रेघेला बाहेरच्या बिंदूतून एकच समांतर रेघ निघते असं शाळेत शिकवतात. या झालरीवर तशा कितीतरी निघतात. चौथीतल्या मुलीला यातलं सगळं कळलं असं मी म्हणणार नाही. पण ती झालर तिनं उसवू दिली नाही.

मोजणं आमच्याकडे तीन भाषांत चालतं. घरी मराठी, गल्लीत कन्नड, शाळेत इंग्रजी. कुणी ‘एक, दोन, तीन’ करतं, कुणी ‘ओंदु, एरडु, मूरु’, आणि मध्येच कुणी हाक मारली की विसरतं ते मात्र सगळ्या भाषांत सारखंच. पलीकडच्या घरात एक कन्नड अज्जी आहेत, धारवाडकडच्या. त्यांना कशिदा येतो, खरा कसुती, जो इरकली साडीच्या पदरावर असतो. कापडाचे धागे मोजायचे, पेन्सिलीनं काहीही न काढता. गवंती नावाचा जो टाका आहे तो एकदा जाऊन परत येतो आणि मधल्या मोकळ्या जागा भरतो, त्यामुळे कापडाच्या दोन्ही अंगांना नक्षी अगदी सारखी दिसते. गाठ कुठंच नाही. अज्जी मुलांचं काम हातात घेतात आणि पहिल्यांदा उलटं करून बघतात. पुढची बाजू बघतच नाहीत. मुलांना ह्याची धास्ती असते आणि ओढही. मी त्यांच्याकडून हे उचललंय, क्रोशालाही मी आता उलटून बघते; टोकं नीट खोवलीत का, की नुसती कापून टाकलीत, ते लगेच कळतं.

बाकी हस्तकलेचं फार लांबवत नाही. आपल्याकडे ते शिकवायची वेगळी गरज नव्हती, सण शिकवायचे. पावसाच्या तोंडाला मातीचे बैल, पंचमीला नाग, दिवाळीत कंदील आणि किल्ला. बेळगावात अजूनही गल्लीगल्लीत पोरं किल्ला करतात, चार-चार दिवस चिखलात असतात, बुरुज कोसळला तर रात्री बॅटरी लावून परत बांधतात, आणि कुणी मोठा मध्ये पडत नाही. डब्यात तयार कापलेले तुकडे आणि चिकटवायची सूचना असलेली खेळणी मिळतात, ती मला नकोत. त्यात चुकायला जागाच ठेवलेली नसते.

काही मुलं सोडून देतात. आठ दिवस येतात, मग क्रिकेट, मग क्लास. त्यांच्या मागं लागू नये. त्यांची सुई आणि अर्धा गुंडा मी पिशवीत नाव घालून ठेवते, परत आली तर आहे.

यंदाच्या पावसाळ्यात आम्ही सगळ्यांचे चौकोन जोडून एक वाकळ करायला घेतली आहे. बाहेर पाऊस असा की अंगणात पाय ठेवता येत नाही, तेव्हा मुलं आतच. चौकोन गोळा केले, जमिनीवर मांडले आणि कळलं की एकही दुसऱ्याएवढा नाही. टाके सगळ्यांचे पंधराच, पण कुणाचा हात घट्ट, कुणाचा सैल. माझ्या मुलाचा तर तळहाताएवढा आणि त्या चौथीतल्या पोरीचा त्याच्या दीडपट. एकानं सुचवलं, मोठे उसवूया. मोठे ज्यांचे होते त्यांनी ऐकलं नाही. बराच वेळ वाद झाला. शेवटी तिनंच सगळ्यात लहान चौकोन उचलून त्याच्या कडेनं मुक्या खांबांची एक फेरी घातली, कोपऱ्यात तीन-तीन टाके देऊन, आणि शेजारच्या चौकोनाला लावून बघितला. अजून कमी पडत होता. दुसरी फेरी घातली, तेव्हा बसला. आता प्रत्येकाला किती फेऱ्या लागतील याची यादी भिंतीवर लावली आहे. कडेच्या फेऱ्यांचा रंग सगळ्यांना एकच ठेवायचा इथपर्यंत एकमत झालंय. तो पोपटी की आकाशी, हे अजून ठरायचंय, आणि पोपटी लोकर सगळ्यांना पुरेल एवढी घरात नाही.